बटेर कुठे ठेवायचे: पिंजऱ्यात की तुसावर?

फोन करणारे बहुतेक जण हेच विचारतात, "ताई, पिंजरा करू की खाली तूस टाकू?" मी उलट विचारते, अंडी विकायचीत की पिल्लं काढायचीत?

पहिल्या वर्षी मी सगळे बटेर एका खोलीत भाताच्या तुसावर सोडले. कोंबडीला खुराडं असलं की ती तिथे जाऊन बसते. बटेर चालता चालता कुठंही अंडं टाकते, तेही बहुतेक दुपार टळल्यावर. मग संध्याकाळी बॅटरी घेऊन तूस चाळत बसा. दहा ग्रॅमचं ठिपकेवालं अंडं, पायाखाली फुटलं की सापडतं! जी मिळाली त्यातली निम्मी घाणीने माखलेली. तशीच उबवणी यंत्रात ठेवली आणि सोळाव्या दिवशी वासानेच यंत्र उघडावं लागलं.

म्हणून विक्रीच्या अंड्यांना पिंजरा. तळाची जाळी पुढे थोडी उतरती ठेवा, अंडं आपोआप घरंगळत बाहेर येतं. एका पक्ष्याला 200 चौरस सेंटिमीटर जागा तरी हवीच. उंची मात्र नऊ-दहा इंचच. मी हौसेने दीड फूट केली होती. बटेर दचकला की सरळ वर उसळतो. तेवढ्या उंचीत वेग घेऊन डोकी फोडून घेतली त्यांनी. आता छताला आतून जुनं पोतं ताणलंय.

पैदाशीचे पक्षी या गर्दीत ठेवू नका. नर माद्यांच्या डोक्यामागची पिसं उपटून टक्कल पाडतात, आणि अंडी भरपूर मिळूनही बरीचशी वांझ निघतात. मी एका नराला दोन-तीन माद्या असे छोटे गट केले, ऐसपैस कप्प्यात, कोपऱ्यात धुळीने अंघोळीला वाळू-राखेची पाटी. तिसऱ्या आठवड्यात छाती बघा: कोरी तांबूस तो नर, काळे ठिपके ती मादी. एकाच खेपेची भावंडं जोडीला लावू नका. अंडी आठवड्याच्या आत यंत्रात गेली पाहिजेत. ही बया खुडूक बसत नाही.

थंडीत अंडी घटली तर आधी खाद्याला दोष देऊ नका, दिवस लहान झालाय. पहाटे बल्ब लावून उजेड 16 तासांचा करा.

पिल्लांच्या जाळीची भोकं पाव इंचाचीच, नाहीतर पाय अडकतात. आणि पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका. सात-आठ ग्रॅमचं पिल्लू बोटभर पाण्यात बुडतं. आमच्या धाकट्याच्या सगळ्या गोट्या तिथेच गेल्यात, अजून मागतो.