२४ इलेक्ट्रॉन, पण कोणत्या केंद्रकाभोवती?

आवर्त सारणीतले उभे स्तंभ म्हणजे गण, आडव्या ओळी म्हणजे आवर्तं, हे दहावीत झालंय तुमचं. मला अकरावीत जिथे ठेच लागली, तेवढंच सांगते.

चाचणीत फेरस आयनाचं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचं, संरूपण (कोणत्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन) विचारलं होतं. लोखंडाचे २६, दोन गेले, उरले २४. मी ते २४ पहिल्यापासून भरत आले आणि लिहिलं: ३डी या उपकवचात चार, ४एस मध्ये दोन. उत्तरावर लाल रेघ. क्लासमध्ये विचारलं तर, "अपवाद आहे, पाठ कर." तो अपवाद नव्हताच. हे कळेपर्यंत बारावीचं अर्धं वर्ष गेलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

नीट बघा. २४ इलेक्ट्रॉन क्रोमियमकडेही असतात, पण त्याच्या केंद्रकात प्रोटॉन २४. लोखंडाचे दोन इलेक्ट्रॉन गेले तरी प्रोटॉन २६ च राहतात. ४एस आधी, ३डी नंतर हा क्रम सारणीत घरामागून घर पुढे जाताना वापरायचा, आणि तिथे प्रत्येक घराला इलेक्ट्रॉनसोबत एक प्रोटॉनही वाढतो. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एस मध्ये जातो, कारण तिथून तो आतली कवचं भेदून केंद्रकाजवळ पोचतो आणि त्याची ऊर्जा ३डी पेक्षा कमी पडते. म्हणून पोटॅशियम चौथ्या आवर्तात, सोडियमखाली. पुढे प्रोटॉन वाढतात तशी ३डी आत ओढली जाते. स्कँडियमपासून ४एस बाहेरचं ठरतं आणि आयन होताना तेच आधी रिकामं होतं. फेरस: ३डी मध्ये सहा. फेरिक, म्हणजे तीन गमावलेलं: पाच. आयनाचं संरूपण पहिल्यापासून भरायचं नाही. आधी अणूचं लिहा, मग सर्वांत बाहेरच्या कवचातून काढा. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मला हे पटलं ते प्रयोगशाळेत. मोहर सॉल्टच्या (फेरस असलेल्या क्षाराच्या) फ्लास्कमध्ये ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचा थेंब पडायचा, जांभळा रंग हलवताच नाहीसा व्हायचा, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकली. तोवर सगळं फेरस फेरिक झालेलं असतं, सहाचे पाच होऊन. शेजारी उभ्या लॅब असिस्टंट काकांनी विचारलं, "गेला तो इलेक्ट्रॉन कुठला?" प्रश्न विचारणारं असं माणूस शोधा, महागडा क्लास नंतर.

'हली ना करब से फरियाद' जरूर म्हणा. त्यातून पहिल्या गणातली, हायड्रोजन ते फ्रान्सियम, नावं लक्षात राहतात, पण ती एकाखाली एक का, ते त्यातून कळत नाही. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये अणुवस्तुमानावर मांडणी केली. टेल्युरियम १२७.६, आयोडीन १२६.९, तरी गुणधर्म बघून त्याने टेल्युरियम आधी ठेवलं. १९१३ मध्ये मोझलेने क्ष-किरणांवरून अणुअंकाचा, म्हणजे प्रोटॉनच्या संख्येचा, आधार दिला, तेव्हा ५२ आणि ५३ हा क्रम रास्त ठरला. म्हणजे इथेही आधी प्रोटॉन.

अकरावीत अचानक सगळं इंग्रजीत येतं, त्याने गांगरू नका. आवर्तांची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ कागदावर मांडा. चौथ्यातले १८ म्हणजे ४एस चे दोन, ३डी चे दहा, ४पी चे सहा. एवढं स्वतः जुळवलंत की सारणी परकी वाटत नाही.

आता तांबं घ्या, अणुअंक २९. ३डी मध्ये दहा, ४एस मध्ये एक. क्युप्रस (एक इलेक्ट्रॉन गेलेलं) आणि क्युप्रिक (दोन गेलेलं) लिहून बघा. क्युप्रिकला ३डी मध्ये नऊ आले तर बरोबर. पाण्यात विरघळलेल्या मोरचुदाचा निळा रंग त्या अपुऱ्या ३डी मुळेच दिसतो.