खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे नमुने घेताना या चुका टाळा

पूर्णा खोऱ्यातल्या पाण्याचा तक्ता समोर आला की पहिली शंका यंत्राबद्दल येत नाही. नमुना घेणारा माणूस बोअरपाशी किती वेळ थांबला, ही शंका आधी येते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात खाली बेसॉल्ट आहे आणि त्यावर नदीने आणून टाकलेले चिकणमाती, वाळू आणि कंकराचे (चुन्याच्या खड्यांचे) थर. कुठे वरचं पाणी बरं आणि खालचं तोंडात धरवत नाही, तर कुठे शेजारच्या दोन बोअरचं पाणी एकमेकांशी जुळत नाही. अशा मुलखात घाईने भरलेली बाटली पुढे कितीही भारी प्रयोगशाळेत नेली तरी सुधारत नाही.

मोटर चालू केली, बाटली भरली

बोअरच्या पाईपात उभं असलेलं पाणी हे थरातलं पाणी नव्हे. त्यातला कार्बन डायऑक्साइड उडालेला असतो, लोखंडी पाईप असेल तर गंज उतरलेला असतो, आणि त्याचं तापमानही वेगळं असतं. आधी ते काढून टाकायचं. किती, ते अंदाजाने ठरवू नका. 6 इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे 17.7 लिटर पाणी असतं. बोअर 150 मीटर आणि पाण्याची पातळी 30 मीटरवर असेल, तर 120 मीटरच्या उभ्या पाण्यात साधारण 2,100 लिटर भरले. तीन वेळा उपसायचं म्हणजे जवळजवळ 6,400 लिटर. मोटर मिनिटाला 60 लिटर देत असेल तर पावणेदोन तास लागतात. ‘पाच मिनिटं सोडलं होतं’ हे उत्तर ऐकायला मिळतं तेव्हा हा हिशेब करून दाखवावा.

यावर सोपा उपाय आहे. ओलिताची वेळ विचारून घ्या. मोटर दोन तास चालू असताना पोचलात तर उपशाचं काम शेतकऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. तरीही पीएच, ईसी (विद्युतवाहकता; तिच्यावरून क्षारांचा अंदाज येतो) आणि तापमान पाच-पाच मिनिटांनी तीनदा मोजा. पीएच 0.1, तापमान 0.2 अंश आणि ईसी 3 टक्क्यांच्या आत स्थिर राहिली की बाटली काढा. नमुना टाकीतून घेऊ नका. ठिबकच्या पाईपातूनही नको, कारण मध्ये खत ओढून पाण्यात मिसळणारी व्हेंच्युरी असते. तिथून घेतलेल्या पाण्यातल्या नायट्रेट आणि पोटॅशियमवर भूगर्भशास्त्र लिहिणारे लोक आहेत. हापशाच्या जस्ती पाईपातून आलेल्या जस्ताचंही तसंच.

एका बोअरचं पाणी एकाच थराचं असतं, हेही गृहीत धरू नका. जाळीचा पाईप किती खोलीवर बसवला आहे ते बोअर मारणाऱ्याला विचारा. दोन थरांना जाळी असेल तर तुमच्या हातात मिश्रण आहे. तसं वहीत लिहा आणि त्या नमुन्यावरून खोलीचा आलेख काढू नका.

पीएच घरी जाऊन बघू

नवख्यांची ही चूक सगळ्यात महाग पडते, आणि ती लवकर लक्षातही येत नाही.

जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत असतो त्याच्या कित्येक पट असतो. पाणी वर आलं, बादलीत आपटलं, अर्धवट भरलेल्या बाटलीत हिंदकळत शहरापर्यंत गेलं की तो वायू निघून जातो आणि पीएच चढतो. बोअरपाशी 7.1 असलेलं पाणी प्रयोगशाळेत 7.8 दाखवतं. कॅल्साइटचा (कंकरातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचा) संपृक्तता निर्देशांक, म्हणजे ते विरघळेल की खाली बसेल हे सांगणारा आकडा, पीएचच्या जवळपास पावलात पाऊल टाकून चढतो. म्हणजे खरा निर्देशांक 0.1 असेल, पाणी कॅल्साइटशी जवळपास समतोलात असेल, तर कागदावर तो 0.8 होतो. मग ‘या भागात भूजलातून सक्रियपणे कंकर तयार होत आहे’ असा निष्कर्ष निघतो. तो कंकर जमिनीत नव्हे, बाटलीत तयार होत होता. बाटलीच्या तळाशी बोट फिरवलं असतं तर पांढरी साय हाताला लागली असती.

पीएच बोअरपाशीच, हवेचा स्पर्श टाळून मोजायचा. फ्लो-सेल (वाहतं पाणी बंद भांड्यातून नेऊन मोजायचं साधन) नसेल तर उंच प्लास्टिकची बरणी घ्या, नळी तळाशी टेकवा, पाणी काठावरून सतत वाहू द्या आणि इलेक्ट्रोड मध्यावर धरा. मीटर जुळवायचे बफर (ठरावीक पीएचची द्रावणं) 7 आणि 10 चे, त्याच दिवशी ओतलेले, आणि शक्यतो पाण्याच्या तापमानाला आणलेले. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेल्या बफरने मीटर जुळवणं म्हणजे खोटं बोलायची तयारी.

बायकार्बोनेटचं टायट्रेशनही तिथेच करा. 50 मिली गाळलेलं पाणी आणि 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. 20 मिली आम्ल लागलं तर क्षारता (इथे मुख्यतः बायकार्बोनेट) लिटरला 8 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबातलं प्रमाण. झाडाच्या सावलीत दहा मिनिटांचं काम.

बेरीज जुळली ना, मग झालं

धन आणि ऋण आयनांची बेरीज 5 टक्क्यांच्या आत जुळली की तक्ता बरोबर, असं शिकवलं जातं. जुळत नसेल तर तक्ता नक्की चुकलेला आहे, इतकंच यातून कळतं. जुळला तर काय, ते पुढच्या एका नमुन्यात बघा. लिटरला मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम 40, मॅग्नेशियम 36.5, सोडियम 460, पोटॅशियम 3.9, बायकार्बोनेट 488, क्लोराइड 532, सल्फेट 96, नायट्रेट 6.2. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये दोन्ही बाजू 25.1. खारपाणपट्ट्यात शोभेल असंच पाणी आहे, क्लोराइडपेक्षा सोडियम जास्त.

आता यात तीन घोळ घाला.

पहिला घोळ एककाचा. प्रयोगशाळेने क्षारता ‘कॅल्शियम कार्बोनेट म्हणून 400’ अशी दिली. विद्यार्थ्याने ते 400 बायकार्बोनेटच्या रकान्यात जसंच्या तसं टाकलं, 1.22 ने गुणलं नाही. ऋण बाजू 25.1 वरून 23.66 झाली. फरक किती? 3 टक्क्यांहून थोडा कमी. म्हणजे तक्ता पास, आणि बायकार्बोनेट 18 टक्के कमी. पुढची सगळी कार्बोनेटची गणितं या चुकीवर उभी.

दुसरा घोळ बाटलीतल्या सायीचा. 0.8 मिलिइक्विव्हॅलंट कॅल्साइट खाली बसलं. कॅल्शियम 2.0 वरून 1.2, बायकार्बोनेट 8.0 वरून 7.2. दोन्ही बाजू 24.3, चूक शून्य. क्षार पाण्यातून जोडीने बाहेर पडतो, म्हणून बेरजेला त्याचा पत्ताच लागत नाही. त्यात कॅल्शियमची बाटली आम्ल घातलेली आणि बायकार्बोनेटची साधी, असं असतं तर निदान फरक दिसला असता.

तिसरा घोळ सगळ्यात निर्लज्ज. काही ठिकाणी सोडियम मोजलंच जात नाही. बाकीचे आयन मोजून उरलेलं सोडियमच्या नावावर टाकतात. अशा तक्त्यात प्रत्येक ओळीला 0.0 टक्के चूक असते. वीस नमुन्यांत वीसदा 0.0 दिसलं की कौतुक करू नका, विचारा. प्रामाणिक मोजणीत काही नमुने +2, काही −3 येणारच.

म्हणून ईसीशी ताडून पाहायची सवय लावून घ्या. फार खारट नसलेल्या पाण्यात धन आयनांच्या बेरजेची शंभरपट म्हणजे साधारण ईसी: 25.1 ला 2,500 मायक्रोसिमेन्स. बोअरपाशी मोजलेली ईसी 2,500 आणि तक्त्यातली बेरीज 18 असेल, तर वाटेत काहीतरी हरवलं आहे. बायकार्बोनेटचं म्हणाल तर त्याला शेतातल्या टायट्रेशनशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

गाळणं आणि आम्ल

आधी गाळा, मग आम्ल घाला. उलट केलं तर आम्ल गढुळातली चिकणमाती विरघळवतं आणि पाण्यात नसलेलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तक्त्यात येतं. 0.45 मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरा, पहिले 20-30 मिली फेकून द्या. धातूंच्या 100 मिलीच्या बाटलीत अर्धा मिली अतिशुद्ध तीव्र नायट्रिक आम्ल पुरतं. पीएच 2 च्या खाली गेला का ते पट्टीने बघा. बायकार्बोनेट जास्त असेल तर फसफसतं, म्हणून झाकण लगेच आवळू नका. हातमोजे आणि चष्मा घाला. ऋण आयनांच्या बाटलीत हे आम्ल घालू नका. नायट्रेट मोजायच्या पाण्यात नायट्रिक घालणारे दरवर्षी निघतात.

‘संध्याकाळी खोलीवर गाळू’ हे चालत नाही. लोह असलेलं पाणी हवेत उघडं राहिलं की पिवळट साका बसतो आणि आर्सेनिक व फॉस्फेट त्याला चिकटून खाली जातं. मग गाळलेल्या पाण्यात आर्सेनिक कमी येतं आणि सगळे निश्चिंत होतात.

न मोजलेल्याचा धोका तर त्याहून मोठा. 1992 मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या नलकूपांच्या पाण्याची तपासणी केली. यादीत अनेक घटक होते, आर्सेनिक नव्हतं; पाण्यात मात्र ते होतं. त्यावरून चाललेला दावा 2006 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. गाळाच्या खोऱ्यात काम करताना मोजायच्या घटकांची यादी छापील फॉर्मवरून उचलू नये, हे तिथून शिकता येतं.

खारट पाण्यात उलटी फसगतही होते. आयसीपी-एमएसमध्ये (कणांचं वस्तुमान मोजून धातू ओळखणाऱ्या यंत्रात) आर्गॉन 40 आणि क्लोरीन 35 एकत्र येऊन वस्तुमान 75 चा कण बनतो, आणि आर्सेनिकही 75. क्लोराइड जास्त असलेल्या नमुन्यांत ‘आर्सेनिक’ क्लोराइडच्या मागोमाग चढताना दिसलं, तर आधी हेलियमचा कोलिजन सेल (असे खोटे कण अडवणारा यंत्राचा भाग) वापरला होता का ते विचारा. शिवाय लिटरला 2 ग्रॅमपेक्षा जास्त क्षार असलेलं पाणी पातळ न करता यंत्रात सोडू नका.

खारं म्हणजे समुद्राचं

हे गावकरी म्हणाले तर ठीक. संशोधकाने क्लोराइड-ब्रोमाइडचं गुणोत्तर बघावं. समुद्राच्या पाण्यात वजनाने ते सुमारे 290. सैंधवासारखं मीठ विरघळून खारं झालं असेल तर हजाराच्या पुढे. अडचण अशी की क्लोराइडसाठी नमुना 50 पट पातळ केला की लिटरला 1.8 मिलिग्रॅम ब्रोमाइडचं 0.04 होतं आणि ते हरवतं. नमुना यंत्रात दोन वेळा चालवा, क्लोराइडसाठी पातळ, ब्रोमाइडसाठी मूळ पाणी. एकाच फेरीत उरकणाऱ्यांचं गुणोत्तर वाचू नये.

कार्बन-14 चं वय

कंकराच्या गाळात कार्बन-14 वरून काढलेलं पाण्याचं कच्चं, म्हणजे दुरुस्ती न केलेलं वय छापू नका. पाण्यातला निम्मा कार्बन जुन्या, मृत (कार्बन-14 न उरलेल्या) कंकरातून आलेला असेल तर वय फुकट 5,730 वर्षांनी वाढतं. δ13C, म्हणजे कार्बन-13 चं प्रमाण, मोजल्याशिवाय ही दुरुस्ती होत नाही. उलट, खरोखर प्राचीन पाण्यात हवेतला 1 टक्का आजचा कार्बन शिरला तरी वय 38 हजार वर्षांच्या आसपास अडकतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरा. समस्थानिकांची बाटलीही तशीच भरा, बुडबुडा नको, आम्ल नको.

उरलेलं

बॉलपेनने लेबल लिहू नका, बर्फाच्या पाण्यात पुसतं. बाटलीवर आणि झाकणावर दोन्हीकडे लिहा. दर दहा नमुन्यांना एक जोडनमुना (त्याच बोअरची दुसरी बाटली) घ्या. आणि एक कोरी बाटली शेतात नेऊन डिस्टिल्ड पाणी त्याच सिरिंजने, त्याच फिल्टरमधून गाळून भरा. तिच्यात सोडियम निघालं तर आधी डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बघा. पेट्रोल पंपावरचं ‘बॅटरीचं पाणी’ डिस्टिल्डच असतं असं नाही.