साठी-सत्तरीत खेड्यातल्या मंडळीच्या सेवेला जाताय? मग रोजचा दिवस असा बसवा

रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून एखाद्या गावात जाऊन राहावं, तिथल्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, सेवा करावी असं खूप जणांच्या मनात असतं, नागपूरला आलो की रविवारी उपासनेनंतर कोणी ना कोणी विचारतंच की ताई तुम्ही कसं जमवता, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. आम्ही नागपुरातल्या सदरमधले, मी ३४ वर्षं नर्स होते आणि हे पोस्टात. मी आता ६६ ची, हे ७१ चे. चार वर्षं झाली, उमरेडच्या पुढं भिवापूर तालुक्यातल्या एका गावात चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतो, महिन्यातून तीन दिवस नागपूर. पाळकसाहेब महिन्यातून दोन रविवार येतात, बाप्तिस्मा, सहभागिता, लग्न ही सगळी त्यांची कामं, बाकीचे दिवस आम्ही दोघं आणि मंडळीची चौदा घरं.

आधी एक गोष्ट, कारण आम्ही इथंच चुकलो. गावात आपलं घड्याळ चालत नाही, गावाचंच चालतं. आम्ही नागपूरहून टाईमटेबल लिहूनच आणलं होतं, सकाळी ६ ला प्रार्थना आणि संध्याकाळी ६ ला भजन. मार्च महिना होता. सकाळी झाडून चटया टाकल्या, ह्यांनी पेटी काढली, आणि कोणीच नाही. आठ दिवस आम्ही दोघंच गात बसलो, मला तर रडू यायचं, वाटायचं की लोकांना आपण नकोच आहोत. नवव्या दिवशी शेजारची म्हातारी दारातून म्हणाली, "मोह पडून राह्यला नं जी आजी, आता कोन येनार." मार्च-एप्रिलात बाया पहाटेच मोहफुलं वेचायला निघतात, तिथून आल्या की मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरच्यांची देठं खुडायच्या कामावर, घरी यायला दिवस मावळतो, आणि आम्ही सहाला चटया टाकून त्यांची वाट पाहत होतो.

म्हणून पहिला महिना काहीच सुरू करू नका. खरंच काही नाही. एक वही घ्या आणि फक्त लिहा, कोणत्या घरी कोण कधी असतं, पाणी कधी येतं, लाईट कधी जाते. शेतीच्या पंपाला थ्री फेज आठ-आठ तासच मिळते, कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की माणसं रातभर ओलिताला आणि दिवसा झोपलेली, त्या आठवड्यात दुपारी घरभेटीला गेलात तर तुम्ही कोणाची तरी झोपमोड करता आणि तो बिचारा काही बोलत नाही. जूनमध्ये पेरणी, जुलैत धानाची रोवणी, दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघालेलं असतं आणि कापूस वेचायला आलेला, मग मिरची. रोवणीच्या पंधरा दिवसांत आम्ही एकही जादा सभा ठेवत नाही. फक्त रविवार, तोही पाऊणच तास. नागपूरच्या काही मंडळींना हे कमी वाटतं, पण दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईला पाठ टेकू देणं हीसुद्धा सेवाच आहे असं मी मनापासून मानते.

महिन्यानंतर मात्र एक वेळ पक्की करा आणि ती मोडू नका. आमची रात्री साडेसात ते साडेआठ, उन्हाळ्यात आठ ते नऊ. त्या तासात दार उघडं, ओट्यावर दिवा, आणि आम्ही दोघं घरात, पाहुणे असोत की डोकं दुखत असो. कोणी भजन म्हणायला येतं, कोणी कागद वाचून घ्यायला, कोणी नुसतं बसायला. मिरचीच्या दिवसांत बाया देठं खुडून खुडून हाताची आग आग घेऊन येतात. पहिल्यांदा एक पोरगी आली ती दोन्ही हात गार पाण्याच्या बादलीत घालून रडत होती, पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण तिखट निघत नाही, ते तेलात सुटतं. मी तिच्या हाताला खोबरेल चोळलं, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडेनं, मग साबणानं धुतलं, परत तेल, परत साबण. वीस मिनिटं गेली असतील. त्या रात्री शास्त्रवाचन झालंच नाही, पण दुसऱ्या दिवशी ती आणखी चौघींना घेऊन आली आणि तेव्हापासून दिव्याशेजारी तेलाची बाटली असतेच.

आता तब्येत, कारण तुम्ही पडलात तर सेवा तर थांबतेच, वर गावाला तुमचीच सेवा करावी लागते. विदर्भाचा उन्हाळा सांगायला नको, ४५ डिग्री आणि नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले ते नऊ दिवस. पहिल्या वर्षी एप्रिलात हे भर दुपारी स्कूटरवर एका घरून परत आले, अंगणात गाडी लावली आणि तिथंच खाली बसले, अंग तापलेलं, तोंडातून शब्द धड निघेना. मी ओल्या चादरीत गुंडाळलं, पंख्याखाली घेतलं, शेजारच्या पोरांनी १०८ ला फोन केला, वाचले. चूक माझी होती, त्यांची बीपीची गोळी पाण्याची होती म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी, आणि उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यायला हवं होतं हे नर्स असून माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हा फेब्रुवारीतच दोघांच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका. मार्च ते जून सकाळी १० नंतर संध्याकाळी ५ पर्यंत बाहेर पडायचं नाही, मयत असली तरच. घरात मीठ-साखरेचं पाणी करायची सवय ठेवा, एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट. शुगर असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

कूलरबद्दल वेगळं सांगते. कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडं दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरायच्या आधी पिन काढायची, बटण बंद करून भागत नाही. पायात रबरी चप्पल पाहिजे, आणि गावातल्या जुन्या घरात अर्थिंग आहे का हे वायरमन बोलावून पाहून घ्यायचं, राहायला जायच्या आधीच. पैसे लागतात पण हा खर्च टाळू नका.

ह्यांचं इन्सुलिन आहे, फ्रीजही आहे, पण पावसाळ्यात लाईट जाते ती सहा-सहा तास. मी मोठ्या माठात वाळू घालून ती ओली ठेवते, त्यात छोटं कोरडं गाडगं आणि त्यात पेन, वरून ओलं फडकं. वापरात असलेल्या पेनला एवढा गारवा पुरतो, न वापरलेला स्टॉक मात्र आम्ही नागपूरला मुलाच्या फ्रीजमध्येच ठेवतो आणि महिन्याचाच आणतो.

पावसाळ्यात खाली झोपू नका, पलंग आणि मच्छरदाणी, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री घरात येते, तिचा चावा कित्येकदा कळतसुद्धा नाही, पहाटे पोट दुखायला लागतं आणि पापण्या जड होतात. कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मंत्राला न्यायचं नाही, सरळ १०८ आणि सरकारी दवाखाना, विषावरची लस तिथं असते. हे मी प्रत्येक पावसाळ्याच्या सुरुवातीला उपासनेनंतर दोन मिनिटं उभी राहून सांगते.

आणि जाण्यायेण्याचं म्हणजे, अंधार पडल्यावर दुचाकी नाही. कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, रस्त्यावर रानडुक्कर, रोही म्हणजे नीलगाय, आणि कधी वाघही. नाल्याला पाणी असेल तर अलीकडंच थांबायचं, तिकडं कितीही महत्त्वाचं काम असू दे. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून बोरीकडं परतताना अशाच पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले, सप्टेंबर महिना होता. अठरा वर्षं नागपुरात काढलेला, इथले पावसाळे पाहिलेला माणूस. हे कधी पाण्यापाशी घाई करू लागले की मी तेवढंच म्हणते, हिस्लॉप साहेब.

एसटीला ६५ नंतर अर्धं तिकीट आणि ७५ नंतर फुकट, बायांना तर तसंही अर्धंच आहे, आधार कार्ड पर्समध्ये ठेवा. सत्तरीच्या पुढच्यांनी आयुष्मानचं कार्ड गावाला जायच्या आधी काढून घ्या, ५ लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय होते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो ह्या सरकारी दवाखान्यांची जुनी फाईल असेल तर तिची झेरॉक्स गावात आणि ओरिजिनल नागपूरला. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, हे गावातल्या म्हाताऱ्यांचेही करून देतात.

त्यावरून आठवलं. तुम्ही आयुष्यभर जे काम केलं त्यासाठीच लोक तुमच्याकडं येतील, मग आपली हद्द पहिल्याच दिवशी ठरवा. मला सगळे सिस्टरबाई म्हणतात आणि पहिल्या आठवड्यापासून "सुई मारून द्या, सलाईन लावून द्या" सुरू. मी लावत नाही. बीपी पाहते, शुगर पाहते, वहीत तारीख घालून लिहिते आणि चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात पाठवते, गरज असली तर सोबत जाते. दोन महिने लोक नाराज होते, मग सवय झाली. हे श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधारचे फॉर्म भरून देतात, महिन्याला १५०० रुपये म्हाताऱ्या एकट्या बाईला फार असतात, आणि कित्येकींचं फक्त आधार बँकेला लिंक नसल्यामुळं अडलेलं असतं. फॉर्म भरायचा, सही-अंगठा त्यांचा, तहसीलला त्यांच्याच घरच्या कोणाला तरी पाठवायचं. पासबुक आणि एटीएम दुसऱ्याचं आपल्या घरी ठेवायचं नाही, कितीही विश्वासानं दिलं तरी. उसने पैसेही नाही. आम्ही एकदा दिले, त्या घरचा माणूस सहा महिने चर्चला आला नाही, लाजेनं, पैसे गेले ते गेले आणि माणूसही दुरावला.

गावाशी वागणं साधं ठेवा. गेल्या गेल्या सरपंच आणि पोलीस पाटलांना दोघांनी मिळून भेटून यायचं, आम्ही कोण, कुठून आलो, इथं काय करणार. आम्ही चौदा घरांसाठी आलोय हे स्पष्ट सांगितलं. बाकी कोणी आजारी माणसासाठी प्रार्थना मागितली तर करतो, मागितली नाही तर नाही, आणि औषध, पैसे, धान्य ह्यांच्यासोबत प्रार्थना कधीच जोडत नाही. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं ओढायचं हे प्रभूच्या नावाला शोभत नाही. पोळ्याला बैल दारात आले की हे बोजारा म्हणजे पोळ्याची ओवाळणी देतात, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन येतात त्यांना मी खाऊ देते, नाताळला करंज्या-चकल्या अख्ख्या आळीत जातात. मंडळीतल्या एकदोघांना पोळ्याचं पटत नाही, मला पटतं, शेजारी आहेत ते आमचे, १०८ ला फोन त्यांच्याच पोरांनी केला होता.

शेवटी तुम्ही दोघं. शहरात दिवसभर दोघांची तोंडं दोन दिशांना असतात, इथं चोवीस तास दोन खोल्या. पहिल्या पावसाळ्यात आम्ही जितके भांडलो तितके चाळीस वर्षांत नाही. मग वाटणी केली. सकाळी १० ते १२ बोलायचं नाही, हे वाचतात, मी शिवते किंवा झोपते. बुधवारी स्वयंपाक ह्यांच्याकडं, खिचडी असली तरी चालेल. घरभेटीला दोघं मिळून जायचं पण बायांशी मी बोलते आणि हे अंगणात, मध्ये बोलायचं नाही. आणि रात्री दार लावल्यावर आम्ही एकमेकांसाठी प्रार्थना करतो, नाव घेऊन, मोठ्यानं, भांडण झालेलं असलं तर तेव्हा सुरुवात करायला जड जातं पण करतोच.

निघायचं कधी हेही येतानाच ठरवा. आम्ही ठरवलंय, दोघांपैकी एकाला जरी संडासला जायला हात धरावा लागला की तीन महिन्यांत परत. म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच कामं सोडायला लागलो. शब्बाथशाळा आता गावातली बारावी झालेली मुलगी घेते, अर्पणाचा हिशोब दोघं पंच मिळून लिहितात. आणि चटया, पेटी, तेलाची बाटली ज्या कपाटात असते त्याची किल्ली आमच्याकडं नाही, ती त्या मिरचीवाल्या पोरीकडं असते, माहेरी जाते तेव्हा शेजारच्या म्हातारीकडं देऊन जाते.