कातीव भांड्यांवर पन्हळी आणि पीळ कोरताना

लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून कातण्याच्या यंत्रावर, कातलेले लाकडी भांडे कितीही सुबक असले, तरी ते कोणत्याही बाजूने पाहिले असता सारखेच दिसते. त्यावर उभ्या पन्हळी, म्हणजे गोलसर तळाच्या लांब खाचा, कोरल्या की उजेड आणि सावली यांचे पट्टे पडतात व भांडे आहे त्याहून उंच भासते. त्याच पन्हळी तिरक्या नेल्या की पीळ तयार होतो आणि भांडे जागच्या जागी फिरत असल्यासारखे वाटते. हे काम पटाशीने करता येते तसे राउटरनेही (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या विजेच्या हत्यारानेही) करता येते. मात्र ते बिघडते ते बहुधा हत्यार हाती घेण्यापूर्वीच, पेन्सिलीच्या टप्प्यावर. म्हणून येथे कोरण्याइतकाच विचार आखणीचा केला आहे.

लाकूड पूर्ण वाळलेले आणि घट्ट, बारीक तंतूंचे असावे. मेपल, बीच किंवा अक्रोड यांवर कडा स्वच्छ उतरतात. साग कोरता येतो, पण त्यातील सिलिकामुळे हत्याराची धार लवकर जाते. फार चित्रविचित्र रेषांचे लाकूड टाळावे, कारण तेथे निसर्गाची नक्षी आणि आपली नक्षी एकमेकींवर कुरघोडी करतात व नजर कोठेच ठरत नाही. भांडे बाहेरून अंतिम आकाराला आणून घासून घ्यावे, पण आतून पूर्ण कोरू नये. भिंत जाड असताना भांडे थरथरत नाही आणि पटाशीचा दाब सहन करते. पन्हळ 3 ते 4 मिमी खोल घ्यायची असेल, तर आतले काम संपल्यावरही तिच्या तळाशी किमान 5 मिमी लाकूड उरेल असा हिशेब आधीच करून ठेवावा.

पन्हळींची संख्या भांड्याच्या पोटावरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरवावी. समजा, वाडग्याचा सर्वाधिक व्यास 150 मिमी आहे आणि पायाशी तो 60 मिमी आहे. 24 पन्हळी घेतल्या, तर पोटावर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे 19.6 मिमी येतात, पण पायाशी जेमतेम 7.9 मिमी. राउटरचे 12 मिमी व्यासाचे गोल नाकाचे बिट (फिरते पाते) 3 मिमी खोल गेले की सुमारे 10.4 मिमी रुंद पन्हळ पाडते आणि 1 मिमी खोल गेले की सुमारे 6.6 मिमी. म्हणजे पायाकडे जाताना खोली कमी करत नेली, तर पन्हळ आपोआप निमुळती होते आणि दोन पन्हळींमध्ये निदान एक मिलिमीटरची पट्टी शिल्लक राहते. खोली सगळीकडे सारखी ठेवली, तर पायाशी शेजारच्या पन्हळी एकमेकींत घुसतात. मधली पट्टी ठेवावी की दोन पन्हळी धारदार कडेवर भिडवाव्यात, हा प्रश्न ग्रीक स्तंभांइतका जुना आहे: डोरिक स्तंभावर साधारणपणे 20 पन्हळी तीक्ष्ण कडांनी भिडतात, तर आयोनिक स्तंभावर 24 पन्हळींमध्ये सपाट पट्ट्या असतात. लाकडात तीक्ष्ण कड हाताळताना सहज टवका देते. त्यामुळे वापरातल्या भांड्यासाठी मी पट्टीच पसंत करतो.

लेथला इंडेक्स चकती (समान अंतरावर भोके असलेली चकती; भोकात खीळ अडकवून भांडे हव्या त्या कोनात थांबवता येते) असल्यास विभागणी सोपी होते. 24 भोकांच्या चकतीवर 6, 8, 12 किंवा 24 भाग पडतात, 36 भोकांच्या चकतीवर 6 आणि 12 शिवाय 9 आणि 18 सुद्धा. मात्र 16 किंवा 20 भाग या दोन्हींवर बसत नाहीत. चकती नसेल, तर भांड्याभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून जोडावर कापावी. ती चार वेळा अर्ध्यात दुमडली की 16 समान भाग मिळतात. मी पहिल्या वाडग्यावर कंपासने एकेक अंतर मोजत गेलो, तेव्हा प्रत्येक पावलाची केसभर चूक साठत गेली आणि शेवटची पन्हळ अर्धीच उरली. उभ्या रेषा आखताना टूलरेस्ट (लेथवर हत्यार टेकवायचा आधार) अशा उंचीवर लावावा की पेन्सिलीचे टोक बरोबर लेथच्या अक्षाच्या पातळीत राहील. टोक वर किंवा खाली असले, तर गोलाईवर रेषा नकळत वाकडी जाते. पन्हळ जेथे थांबायची तेथे बारीक खाच किंवा मणी (गोलसर उंचवट्याचे कडे) आधीच कातून ठेवावा, म्हणजे सगळी टोके एका ओळीत येतात.

कोरण्यापूर्वी लेथची वीज जोडणी काढून स्पिंडल (भांडे फिरवणारा दांडा) अडकवावे. इंडेक्सची खीळ अडकलेली असताना लेथ कधीही सुरू करू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धुळीचा मास्क असावा, आणि दुसरा हात नेहमी धारेच्या मागे राहावा.

आता तंतूंच्या दिशेकडे वळू, कारण उचकटणारी जवळजवळ प्रत्येक कड याच बाबीकडे झालेल्या दुर्लक्षातून येते. वाडग्यात तंतू सहसा आडवे, म्हणजे अक्षाला काटकोनात असतात. म्हणून बाहेरच्या बाजूने पायाकडून काठाकडे, लहान व्यासाकडून मोठ्याकडे कापावे. उभ्या तंतूंच्या कलशात मात्र याच्या उलट, पोटापासून मानेकडे आणि पोटापासून पायाकडे उतरत कापावे. आडव्या तंतूंच्या वाडग्यावर फिरत गेले की तंतूंशी असलेला पन्हळीचा कोन दर पावलाला बदलतो. त्यामुळे काही पन्हळींची एक भिंत गुळगुळीत कापली जाते आणि समोरची उचकटते. अशा वेळी हट्ट न करता तेवढ्या भिंतीसाठी कापण्याची दिशा उलटवावी. आधी इंग्रजी व्ही आकाराच्या पटाशीने मध्यरेषा उघडावी, मग गोल पटाशीने दोन्ही बाजूंनी रुंदी वाढवावी आणि तळ शेवटच्या, अगदी पातळ कापाने साफ करावा. राउटर वापरायचा असेल, तर तो भांड्याच्या आकाराला समांतर कापलेल्या साच्यावर टेकून चालवावा आणि एका फेरीत एक मिलिमीटरपेक्षा जास्त खोली घेऊ नये.

पिळासाठी उभ्या रेषांच्या जोडीला आडवी वर्तुळे आखावी लागतात आणि त्या जाळीच्या चौकटींतून तिरपी रेषा एका छेदबिंदूवरून पुढच्या छेदबिंदूकडे नेत राहावी लागते. नवशिके वर्तुळे समान अंतरावर काढतात. मग पोटावर पीळ आडवा पडतो, मानेशी उभा होतो आणि नक्षी ओढल्यासारखी दिसते. तिरपेपणा सगळीकडे सारखा हवा असेल, तर वर्तुळांमधील अंतर त्या जागेच्या व्यासाच्या प्रमाणात ठेवावे. 12 उभ्या रेषा असतील, तर 150 मिमी व्यासाशी दोन रेषांमधील अंतर सुमारे 39 मिमी येते आणि 75 मिमी व्यासाशी त्याच्या निम्मे, 19.6 मिमी. भांड्याच्या पृष्ठभागावरून मोजून वर्तुळेही त्या त्या ठिकाणी तेवढ्याच अंतरावर काढली, तर पीळ सर्वत्र सुमारे 45 अंशांत राहतो. पीळ अधिक उभा हवा असल्यास हे अंतर त्याच प्रमाणात वाढवावे. छेदबिंदू जोडताना लवचिक चिकटपट्टी लावून पाहावी. हिशेब बरोबर असूनही डोळ्याला खटकणारी रेषा पट्टी लगेच दाखवते, आणि अशा वेळी मी डोळ्याचे ऐकतो.

पीळ कोरताना खोबणीच्या दोन भिंती जवळजवळ नेहमीच विरुद्ध दिशांनी कापाव्या लागतात. सर्व खोबण्या आधी अर्ध्या खोलीपर्यंत न्याव्यात, भांडे फिरवून त्यांची एकमेकींशी तुलना करावी आणि मगच पूर्ण खोलीला जावे. त्यानंतर गोल कानशीने तळ सारखा करावा.

घासण्यासाठी पन्हळीच्या गोलाईपेक्षा किंचित बारीक दांड्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळावा आणि 120, 180, 240, 320 अशा क्रमाने जावे. दांडा कडेवरून घसरू देऊ नये. बोटाने दाबून घासले की धारदार कडा गोल होतात. घट्ट व्हार्निश खोबणीत साचते, म्हणून पातळ तेल लावणे बरे. तेल ब्रशने सर्वत्र पोहोचवावे, थोडे मुरू द्यावे, मग त्याच दांड्याला सुती कापड गुंडाळून प्रत्येक पन्हळीतील जास्तीचे तेल टिपून घ्यावे, आणि तेलकट कापड गोळा करून न ठेवता उघड्यावर पसरून वाळवावे, कारण जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेले लावलेले कापड आपोआप पेट घेऊ शकते.