बडोद्यात मे महिन्यात लग्न आहे? केक ठरवताना हे आधी बघा

डिझाईन नंतर, आधी क्रीम कुठलं ते विचारा. मे मध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो आणि लोणी 32-35 डिग्रीलाच वितळतं, त्यामुळे बटरक्रीमचा केक लॉनवर तासभर आधी आणून ठेवला की कडा खाली सरकणारच. भाचीच्या रिसेप्शनला हेच झालं, वरचं चिनीमातीचं जोडपं हळूहळू कलत गेलं आणि ताई बिचारी शेवटपर्यंत हाताने धरून उभी होती, फोटोत तिचाच हात दिसतो! म्हणून केक एसीतच ठेवा, कापायच्या वेळी बाहेर आणा. फॉन्डंट, म्हणजे साखरेचं लाटून केकवर चढवलेलं आवरण, जास्त तग धरतं पण फ्रिजमधून काढलं की घाम सुटून चिकट होतं.

टॉपर, म्हणजे केकवर लावायची शोभेची वस्तू, हलकाच घ्या, ॲक्रिलिकचा बेस्ट. मराठीत नावं करून घेणार असाल तर डिझाईन व्हॉट्सॲपवर मागवून वेलांटी, जोडाक्षरं स्वतः तपासा, इथले कारागीर गुजराती लिहिणारे, र्‍हस्व-दीर्घ हमखास चुकतं. खरी फुलं लावायची तर कण्हेर अजिबात नको, विषारी असते. आणि आजी-आजोबा खाणार असतील तर एगलेस आधीच सांगून ठेवा.