डिजिटल सिस्टीम डिझाइनचा अभ्यास: आधी कागदावर क्लॉक काढा, कोड नंतर

इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला हा विषय आला की बरेच जण के-मॅप (लॉजिक सोपं करायचा चौकटींचा तक्ता) सोडवत बसतात, कारण त्यात मार्क पटकन पडतात, आणि काउंटर, स्टेट मशीन (आत्तापर्यंत काय आलं ते लक्षात ठेवणारं सर्किट) हे सगळं परीक्षेच्या आदल्या आठवड्यावर ढकलतात. पण खरा विषय क्लॉक, म्हणजे ठरावीक वेळाने वरखाली होणारा सिग्नल, आल्यावर सुरू होतो, त्याच्या आधीचं सगळं म्हणजे बाराखडी. त्यामुळे वेळेची वाटणी उलटी करा.

गेट्स आणि बूलियन अल्जेब्राला दोन आठवडे बास. इलेक्ट्रिकलवाल्यांना तर हे सोपंच जायला हवं, दोन कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये म्हणजे अँड, पॅरलल म्हणजे ऑर. क्लॉड शॅननने १९३७ च्या मास्टर्स थीसिसमध्ये रिले सर्किटवरच तर हे सगळं मांडलं होतं. के-मॅपमध्ये ००, ०१, ११, १० अशी ओळ का असते हे मात्र नीट समजून घ्या: शेजारच्या घरात जाताना एकच बिट बदलला पाहिजे म्हणून. चार व्हेरिएबलपर्यंत हात बसला की पुढे चला, बीसीडीमध्ये (० ते ९ चा एकेक अंक चार बिटांत) १० ते १५ डोन्ट केअर, म्हणजे ० किंवा १ काहीही चालेल असे, धरायचे एवढं विसरू नका.

आता फ्लिप-फ्लॉप, म्हणजे क्लॉकच्या एजला (सिग्नल बदलतो त्या क्षणी) एक बिट साठवणारं सर्किट. टेबल पाठ करू नका प्लीज. वहीत आडवी रेघ मारा, क्लॉकच्या आठ पल्स काढा, खाली डी इनपुट मनाला येईल तसा वरखाली करा आणि प्रत्येक एजला स्वतःला विचारा, एज यायच्या अगदी आधी डी काय होता? तेच क्यू वर, म्हणजे आउटपुटला, जाणार. मग तोच डी लॅचला देऊन बघा, तिथे एनेबल चालू असेपर्यंत इनपुट सरळ आरपार जातो. हे दोन वेव्हफॉर्म एकाखाली एक काढले की लॅच आणि फ्लिप-फ्लॉपमधला फरक आयुष्यभर डोक्यात राहतो, मी ज्या ज्युनियर्सना शिकवलं त्यांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

सेटअप आणि होल्ड टाइम (एजच्या आधी आणि नंतर इनपुट जेवढा वेळ स्थिर हवा तो) लोक व्याख्या म्हणून लिहून येतात, त्यापेक्षा आकडे घालून बघा. समजा फ्लिप-फ्लॉपचा क्लॉक-टू-क्यू डिले (एजपासून आउटपुट बदलेपर्यंतचा वेळ) २ नॅनोसेकंद, मधल्या लॉजिकला ६, पुढच्या फ्लिप-फ्लॉपचा सेटअप २, झाले १०, म्हणजे जास्तीत जास्त १०० मेगाहर्ट्झ. आता लॉजिक मधोमध तोडून तिथे एक रजिस्टर टाकलं तर प्रत्येक बाजूला ३ उरतात, एकूण ७, म्हणजे साधारण १४३ मेगाहर्ट्झ. हेच पाइपलायनिंग, फक्त उत्तर एक क्लॉक उशिरा मिळतं. आणि होल्डचा प्रॉब्लेम क्लॉक स्लो करून सुटत नाही, कारण त्या हिशोबात क्लॉकचा पीरियड येतच नाही. व्हायवाला हे नक्की विचारतात.

स्टेट मशीनसाठी १०११ चा सिक्वेन्स डिटेक्टर (एकामागून एक येणाऱ्या बिटांत १०११ ओळखणारं सर्किट) घ्या, ओव्हरलॅपसकट. स्टेट्सना एस-शून्य, एस-एक अशी नावं देण्याआधी प्रत्येक स्टेट म्हणजे 'आत्तापर्यंत काय जुळलंय' हे शब्दात लिहा: काहीच नाही, १, १०, १०१. मीलीमध्ये (आउटपुट स्टेट आणि इनपुट दोन्हींवर ठरतो) हे चार पुरतात, मूरला (आउटपुट फक्त स्टेटवर ठरतो) पाचवी लागते आणि आउटपुट पुढच्या क्लॉकला दिसतो. १०११०११ टाकून तपासा, चौथ्या आणि सातव्या बिटला डिटेक्ट झालं पाहिजे. सातव्याला नाही झालं तर चौथ्या बिटनंतर तुम्ही सुरुवातीला परत गेलाय, जायला हवं होतं '१ जुळलाय' वाल्या स्टेटला.

व्हेरिलॉग, म्हणजे सर्किट लिहायची भाषा, यानंतरच उघडा. सी भाषा येत असलेल्यांची इथे जास्त पंचाईत होते कारण ओळी वरून खाली चालतात असं डोक्यात बसलेलं असतं, पण इथे तुम्ही सर्किटचं वर्णन करताय. क्लॉकवाल्या ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंग (<=, सगळ्या व्हॅल्यू एकदम बदलतात), कॉम्बिनेशनलमध्ये (क्लॉक नसलेल्या) ब्लॉकिंग (=, ओळीओळीने), हा नियम पाळा आणि का ते एकदा करून बघा: दोन रजिस्टरची अदलाबदल नॉन-ब्लॉकिंगने दोन ओळींत होते, ब्लॉकिंगने केली तर दोन्हीकडे एकच व्हॅल्यू. कॉम्बिनेशनल ब्लॉकमध्ये इफला एल्स दिला नाही आणि आधी डिफॉल्ट व्हॅल्यूही दिली नाही तर नको असलेला लॅच तयार होतो. 'रेग' लिहिलं म्हणजे रजिस्टर झालंच असंही नाही. आयकेरस व्हेरिलॉग (सिम्युलेटर) आणि जीटीकेवेव्ह (वेव्हफॉर्म बघायला) दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. सिम्युलेशन रन करण्याआधी वेव्हफॉर्म वहीत काढा, मग स्क्रीनवरचा जुळवा, जिथे जुळत नाही तिथेच तुमचा अभ्यास आहे.

लॅबचं थोडक्यात. आयसीचा पिनआउट प्रत्येक वेळी डेटाशीटमध्ये बघा, ७४०० (नँड गेट) ला सप्लाय १४ आणि ग्राउंड ७ वर असतो पण ७४९० (काउंटर) ला सप्लाय ५ वर आणि ग्राउंड १० वर. माझा ७४९० एक अख्खं प्रॅक्टिकल शून्यावरून हलला नाही, वायर बदलल्या, आयसी बदलला, शेवटी कळलं की रिसेटच्या दोन्ही पिना मोकळ्या होत्या आणि टीटीएलमध्ये (या आयसींचा प्रकार) मोकळी पिन साधारण १ धरली जाते. पुश बटण सरळ क्लॉकला जोडू नका, एकदा दाबलं तरी आतला कॉन्टॅक्ट काही मिलिसेकंद थरथरतो आणि काउंटर एकदम तीन-चार आकडे पुढे जातो. बटणाला ही थरथर गाळणारं डिबाउन्स सर्किट लावा, मगच काउंटरला दोष द्या.