उद्यमनगरातून परदेशी डिझाइनची कामं करायची असतील तर आधी चेकर नेमा

अण्णांच्या पेटीत स्टीलच्या दोन पट्ट्या असायच्या. दिसायला अगदी सारख्या, पण एकीवरचे शंभर मिलिमीटर दुसरीपेक्षा मिलिमीटरभर मोठे. अण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लाकडी पॅटर्न करायचे, म्हणजे ओतीव भागांचे नमुने; त्यांचा वाळूत ठसा घेऊन त्यात धातू ओततात. बिडाचा रस थंड होताना शेकडा एक आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. दर मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पट्टीच मोठी. सातवीत मी चुकून ती पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या वहीवर लाल शेरे घेऊन आले.

आज माझ्याकडे चौदा माणसं आहेत. पंपाच्या बॉडी, ब्रॅकेट, गिअरबॉक्सची घरं अशा कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, मॉडेलं आणि ड्रॉइंग आम्ही जर्मनीला आणि अमेरिकेला करून देतो. शिरोली, गोकुळ शिरगावची पोरं येतात आणि विचारतात, "ताई, बाहेरची कामं मिळवायची कशी?" मिळतात रे कामं. पहिलं काम कुणाच्या तरी ओळखीनं मिळतंच. दुसरं मिळेल का, हे पहिल्याच्या ड्रॉइंगवर ठरतं. म्हणून समोरचा कुठल्या पट्टीनं मोजतो, हे आधी समजून घ्या.

माझी फजिती सांगते. सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. अमेरिकेहून एका ब्रॅकेटचं जुनं ड्रॉइंग आलं, ते आमच्या पद्धतीनं नव्यानं काढून इथंच कास्टिंग करून पाठवायचं होतं. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात, म्हणजे डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची. अमेरिकेत थर्ड अँगल, तिथं डावीकडची बाजू डावीकडेच. कोपऱ्यात कापलेल्या शंकूची एक छोटी खूण असते, तिच्यावरून हे कळतं. आमच्या मुलानं ती खूण पाहिली नाही, मीही पाहिली नाही, कारण तपासायचं काम कुणाचंच नव्हतं. पॅटर्न झाला, चाळीस कास्टिंग ओतली. अण्णा सहज फौंड्रीत आले होते. एक ब्रॅकेट हातात फिरवून मूळ कागदाकडे बघत म्हणाले, "बाळ, हा डाव्या हाताचा झालाय." उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात घालायचा, तसं झालं. चाळीसच्या चाळीस भट्टीत परत गेले, नवा पॅटर्न आमच्या खिशातून झाला आणि विमानाचं भाडंही आम्हीच भरलं.

त्यानंतर चौथा माणूस घेतला तो ड्राफ्ट्समन नव्हता. तीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढून निवृत्त झालेले गृहस्थ होते, कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, त्यांना येत नव्हतं. त्यांचं काम एवढंच, की प्रत्येक ड्रॉइंग कागदावर छापून घ्यायचं आणि बघितलेल्या प्रत्येक मापावर पिवळी पेन्सिल फिरवायची. चूक असेल तिथं लाल. पिवळं न झालेलं एकही माप बाहेर जायचं नाही. ज्यानं काढलं त्यानं तपासायचं नाही, हा नियम मलाही लागू. पुढे चार ड्राफ्ट्समनमागे एक चेकर हे प्रमाण मी सोडलं नाही. पगारपत्रक बघून सीए ओरडतात, ओरडू देत.

फर्स्ट-थर्ड अँगलची चूक निदान डोळ्यांना दिसते, टॉलरन्सची, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल याची, दिसत नाही. वीस मिलिमीटरचा दांडा घ्या, जास्तीत जास्त 20.00, कमीत कमी 19.95. अमेरिकन मानक एएसएमई वाय 14.5 प्रमाणे ड्रॉइंग असेल, तर मापातच आकाराची मर्यादा आली: दांडा 20.00 च्या सरळ नळीतून जायलाच हवा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 8015 प्रमाणे असेल, तर ठिकठिकाणी जाडी बसली की माप पास, दांडा थोडा वाकला तरी. सरळपणा हवा असेल तर तो वेगळा लिहायचा किंवा मापापुढे गोलातला ई टाकायचा. तेच आकडे, अर्थ दोन. धातूचंही तसंच. युरोपवाला जीजेएस 400-15 लिहितो, अमेरिकेचा एएसटीएम ए 536 चा 65-45-12 लिहितो. दोन्ही एसजी आयर्न (सहज न तुटणारं बीड), जवळजवळ सारखे, पण "जवळजवळ" ग्राहकाकडून लिहून घ्या. दोन्हीकडची मानकं विकत घ्या, झेरॉक्स नको. सॉफ्टवेअरही पैसे देऊनच घ्या. चोरीच्या कॅडचा पत्ता कंपनीला इंटरनेटवरून लागतो, आणि आपल्याला नोटीस आल्याचं ग्राहकाला कळलं की काम गेलं.

काम निवडतानाही जरा जपून. इमारतींच्या कामाला अमेरिकेत त्या-त्या राज्याच्या परवानाधारक इंजिनिअरचा शिक्का लागतो. तो आपल्याकडे नसतो, म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या शिक्क्याखाली राबायचं. मशीनच्या भागांना सहसा ती अडचण नाही, आणि आपल्याकडे ऑफिसातून उठून दहा मिनिटांत फौंड्रीत जाऊन रस कुठं अडकतोय ते बघता येतं. माझ्या ग्राहकांना खरं आकर्षण याचंच आहे.

कोटेशनमध्ये दर शेवटी लिहा. आधी काय-काय देणार, किती वेळा फुकट दुरुस्ती करणार (मी दोनदा लिहिते), आणि डिझाइन गोठवल्यावर बदल झाला तर तासाचे पैसे. ग्राहकाला पॅटर्न कापायची घाई असते. तेव्हा मी सिडनीच्या ऑपेरा हाऊसची गोष्ट सांगते. ओव्ह अरुप यांनी 1946 मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली कन्सल्टन्सी तिथं स्ट्रक्चरचं काम बघत होती. छताचा आकार ठरायच्या आतच 1959 मध्ये खाली चौथऱ्याचं बांधकाम सुरू झालं, आणि पुढे छताचा भार पेलेना म्हणून चौथऱ्यातले खांब पुन्हा करावे लागले. इमारत उघडली 1973 मध्ये. एवढ्या मोठ्या लोकांचं असं झालं, तर आपला ब्रॅकेट काय! ग्राहक हसतो आणि सही करतो.

पैशांचं थोडक्यात. नव्या ग्राहकाकडून तीस टक्के आगाऊ, मूळ फायली शेवटचा हप्ता आल्यावर. सेवेची निर्यात जीएसटीत शून्य दराची असते, पण दर आर्थिक वर्षात एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरावं लागतं. ते विसरलात तर आधी 18 टक्के भरा आणि मग परताव्यामागे फिरा. बँकेकडून परकीय चलन आल्याचा दाखला दर बिलाला घ्या, मार्चमध्ये एकदम मागायला जाऊ नका.

माणसं टिकवणं मात्र मला उशिरा जमलं. चांगला चेकर पुण्याला जायचा, दुप्पट पगारावर. अरुप यांची कंपनी कर्मचाऱ्यांसाठीच्या ट्रस्टच्या मालकीची आहे असं कळलं, तेव्हा वकिलाला विचारून पाहिलं. आपल्याला ते झेपण्यातलं नव्हतं. पण आता तीन चेकर आमच्या एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेत) भागीदार आहेत, आणि गेल्या चार वर्षांत त्यातला एकही गेलेला नाही.

आणि एक. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. ऑफिस कोरडं, पण अर्धी माणसं पलीकडे अडकलेली आणि फायली ऑफिसातल्या सर्व्हरवर. तेव्हापासून रोजची नक्कल बाहेरच्या क्लाउडवर जाते, आणि जानेवारीतच ग्राहकाला आमच्या सुट्ट्यांची यादी जाते: जोतिबाची यात्रा, गणपती, दसरा, दिवाळी. पावसाळ्यातल्या तारखांना आठवडा जास्त धरलेला असतो. एका जर्मन ग्राहकानं पहिल्या वर्षी कळवलं होतं, यादी मिळाली, ऑगस्टमध्ये आम्हीही तीन आठवडे बंद असतो, तेव्हा पुरानं तेवढ्यात यावं.